आधी माप, मग खरेदी

मुलांनो, समजा तुम्ही पनवेलला राहता. ईदीचे पैसे तुम्ही दोन वर्षे साठवले आहेत. घरच्या संगणकावर खेळ अडखळतो, म्हणून मध्यम किमतीचे ग्राफिक्स कार्ड घ्यायचे आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अशी पुष्कळ दुकाने आहेत. पण लोकलमध्ये बसण्यापूर्वी घरीच चार गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट पडद्याची. १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २१ लाख बिंदू. सेकंदाला ६० चित्रे हवीत, तर कार्ड ते सगळे बिंदू ६० वेळा रंगवते. एवढ्या पडद्याला फार महाग कार्ड लागत नाही.

दुसरी गोष्ट विजेची. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. २०२१ च्या आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात, २०२३ च्या आरटीएक्स ४०६० ला ११५. उरलेली वीज पॉवर सप्लायच्या वेगळ्या वायरीतून येते. तो कमजोर असेल, तर ऐन खेळात संगणक बंद पडतो.

तिसरी गोष्ट जागेची. कॅबिनेट आतून पट्टीने मोजा. चौथी गोष्ट प्रोसेसरची. तो मंद असेल, तर वेगवान कार्डही वाट पाहत बसते.

मोठ्या आकड्यालाही भुलू नका. ३०६० ची मेमरी १२ जीबी, ४०६० ची ८. तरी बहुतेक खेळांत ४०६० च पुढे असते.

उर्दूत आपण चादर पाहून पाय पसरायला सांगतो. मराठीत म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावेत. चादर म्हणा की अंथरूण, आधी मोजायचे असते!