वहीत लिहीत जा गं

अगं, फिट येऊन गेली की घरात तो विषयच बंद होतो. आई देवापुढे दिवा लावते, बाबा गप्प बसतात, आणि तूही "मी बरी आहे आता" म्हणत कामाला लागतेस. मग डॉक्टर विचारतात, "मध्ये किती वेळा आली?" आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. म्हणून सांगते, एक वही कर. दुधाचा हिशोब मांडतो त्या कालनिर्णयाच्या चौकटीत लिहिलंस तरी चालेल.

डॉक्टरांसमोर फिट सहसा येत नाही. ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेखसुद्धा पुष्कळदा नॉर्मल निघतो. त्यांना भरवसा तुझ्या आणि बघणाऱ्यांच्या सांगण्याचाच. नुसतं "फिट आली" लिहून भागत नाही. जे घडलं ते लिही. समज: "मंगळवार, सकाळी 6.40. दात घासताना उजव्या हाताला दोन झटके, ब्रश पडला. शुद्ध होती. रात्री 1 ला झोपले होते." हा वेंधळेपणा म्हणून कितीतरी मुली सोडून देतात. पण जागरणानंतर सकाळी असे झटके येत असतील, तर अपस्मार, म्हणजे हा फिटचा आजार, कुठल्या प्रकारचा, याचा डॉक्टरांना अंदाज येतो. त्या प्रकारात कार्बामाझेपिनसारख्या गोळीने झटके उलट वाढू शकतात. बघ, एका ओळीवर गोळी बदलू शकते.

शुद्ध गेली तर तुला काही आठवायचं नाही. तेव्हा आईला किंवा रूममेटला, जी जवळ असेल तिला, आधीच सांगून ठेव. तुला कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. घड्याळ मात्र बघायचंच, कारण घाबरलेल्या माणसाला एक मिनिटही फार मोठं वाटतं. झटके पाच मिनिटांच्या वर गेले, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी फिट आली, तर थेट हॉस्पिटल. मान कुठे वळली, आधी कुठला हात हलला, भानावर यायला किती वेळ लागला, हे तिने सांगायचं आणि तू उतरवायचं. जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ घेऊ दे. लाजू नकोस.

पाळीची तारीखही लिही. काहीजणींना त्याच दिवसांत फिट जास्त येतात, आणि तीन-चार महिन्यांच्या नोंदीशिवाय ते ध्यानात येत नाही. उपास, ताप, जागरण, तेही.

आणि गोळी चुकली तर तसंच लिही, अगदी खरं. ते लपवलंस तर डॉक्टरांना वाटेल औषध कमी पडतंय, आणि डोस उगाच वाढेल.

स्थळं येतायत म्हणून वही कपाटात दडवू नकोस. अपस्मार असेल तर लग्न करता येत नाही, ही अट हिंदू विवाह कायद्यातून 1999 साली काढून टाकली आहे. लग्नाचं ठरत असेल तर डॉक्टरांना आधी सांग, कारण व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधं गरोदरपणात बाळाला अपाय करू शकतात आणि ती वेळेवर बदलावी लागतात. मनाने मात्र एकही गोळी बंद करायची नाही.

मागची फिट आठवतेय तेवढी आज रात्रीच लिहून काढ, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे वही घेऊनच जा.