टॅब दाबला आणि फाइल गेली

लॅबमध्ये लिनक्सवर बसलं की पहिली सवय लागते ती टॅबची. नावाची दोन अक्षरं लिहायची, टॅब दाबायचा, बाकीचं मशीन लिहितं. ही सवय मला एकदा चांगलीच महागात पडली.

सबमिशनच्या आदल्या रात्री रूममेट आणि मी एकाच अकाउंटवर काम करत होतो. डिरेक्टरीत लिस्ट डॉट सी, लिस्ट डॉट एच, लिस्ट डॉट ओ आणि लिस्ट_ओल्ड डॉट सी अशा चार फाइली. मला माझा कोड लिस्ट_ओल्डवर सेव्ह करायचा होता. विममध्ये उद्गारचिन्हासकट राइटची कमांड दिली, 'एल आय' टाइप केलं, टॅब, आणि न बघता एंटर. रूममेटच्या लिस्ट डॉट सीवर, म्हणजे त्याच्या दोन रात्रींच्या कामावर, माझा कोड जाऊन बसला. (उद्गारचिन्ह नसतं तर 'फाइल आधीच आहे' म्हणून विमने अडवलं असतं. ती घाई माझीच.)

झालं काय? बॅशमध्ये टॅब दाबला की सगळ्या नावांत सारखा असलेला भाग, इथे 'लिस्ट', तेवढाच पुरा होतो. पुन्हा दाबल्यावर यादी दिसते. विमचा मूळ स्वभाव वेगळा. तो पहिल्याच टॅबला पहिलं नाव अख्खं टाकतो, पुढच्या टॅबला पुढचं. त्यातही क्रम सरळ नाही. लिस्ट डॉट सीनंतर डॉट एच येईल असं वाटतं, पण येते लिस्ट_ओल्ड. कारण 'सफिक्सेस' नावाच्या सेटिंगमध्ये डॉट ओ, डॉट बॅक यांच्याबरोबर डॉट एचही आहे, आणि अशा फाइली रांगेत मागे ढकलल्या जातात. सीडी कमांडपुढे तर टॅब फक्त डिरेक्टऱ्याच दाखवतो, त्यामुळे फाइल उडाली असं वाटून नवखा घाबरतो.

उपाय एका ओळीचा आहे. विमआरसी फाइलमध्ये 'वाइल्डमोड'ची किंमत 'लाँगेस्ट' स्वल्पविराम 'लिस्ट' अशी ठेवा, विम बॅशसारखा वागेल. सेटिंग बदलायची नसेल तर कंट्रोल-डी सगळी नावं दाखवतं आणि कंट्रोल-एल सारखा भाग पुरा करतं.

आता खास मराठी भानगड. ट्रेकच्या फोटोंचं 'जावळीच्या_दऱ्या' हे फोल्डर आमच्याकडे दोनदा दिसायचं, अक्षरन् अक्षर तेच! 'दऱ्या'पर्यंत पूर्ण लिहून टॅब दाबला की एकच सापडायचं, आणि मेढ्याच्या बाजारातल्या कॅफेतून भरलेले फोटो नेमके दुसऱ्यात. हेक्समध्ये पाहिल्यावर कळलं. 'ऱ्या' दोन प्रकारे लिहिता येतो. एकात युनिकोडचा स्वतंत्र 'ऱ' (क्रमांक ०९३१) आणि हलन्त, तर दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. पहिला 'ऱ्या' १२ बाइटचा, दुसरा १५ बाइटचा. लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम नाव म्हणजे बाइटांची माळ एवढंच समजते, डोळ्यांना काय दिसतं याच्याशी तिला देणंघेणं नाही. नॉर्मलायझेशननेही हे दोन एक होत नाहीत. म्हणून 'जावळीच्या_द' इथेच थांबून पुढे स्टार लावायचा. मग दोन्ही हाती लागतात. आम्ही तसेच दोन्हीतले फोटो एका नव्या फोल्डरमध्ये हलवले, आणि त्याचं नाव 'जावळी' ठेवलं.