बिघडलेली वही आणि थांबलेलें यंत्र

आपल्या देऊळगांव राजासारख्या बाजारपेठेच्या गांवीं जुन्या पिढीचे दुकानदार दोन वह्या ठेवीत. व्यवहार होई तसतसा तो क्रमानें रोजकीर्दींत उतरे. पुढें सवडीनें तोच खतावणींत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढे. खतावणीचें पान भिजलें किंवा उंदरानें कुरतडलें, तरी रोजकीर्द शाबूत असल्यास तें पुन्हां मांडतां येई. आज सातबाऱ्याचा उतारा, बँकेंतील शिल्लक, परीक्षेचे गुण हीं सर्व संगणकांत असतात आणि तेथेंहि या दोन वह्यांचाच न्याय चालतो. ती वही बिघडली म्हणजे काय होतें व ती दुरुस्त कशी करावी, याचा विचार या लेखांत आम्ही करणार आहों.

अनेकांच्या मागण्या ऐकून त्यांस उत्तर देणाऱ्या संगणकास सर्व्हर म्हणतात व त्यांतील माहितीच्या संग्रहास डेटाबेस. डेटाबेसची फाईल सारख्या आकाराच्या पानांची बनलेली असते. पोस्टग्रेसमध्यें हें पान बहुधा ८ किलोबाईटचें, तर मायएसक्यूएलच्या इनोडीबी पद्धतींत १६ किलोबाईटचें असतें. कोणता मजकूर कोणत्या पानावर आहे याच्या खुणा पानांतच असतात. एक खूण चुकली कीं प्रोग्राम भलत्या ठिकाणीं जातो आणि अपेक्षित मजकूर न मिळाल्यानें थांबतो किंवा कोसळतो. पुन्हां सुरू केला तरी त्याच पानाशीं येऊन पुन्हां कोसळतो. तरीहि खोटें उत्तर देण्यापेक्षां हें मौन बरें.

नुसती वीज गेल्यानें वही बिघडूं नये अशी योजना केलेली असते. खात्यांत फरक करण्यापूर्वीं तो रोजकीर्दींत, म्हणजे लॉगमध्यें, पक्का लिहावयाचा हा तिचा नियम. समजा, एका खात्यांतून ५०० रुपये वजा झाले आणि दुसऱ्यांत जमा होण्यापूर्वींच वीज गेली. यंत्र सुरू होतांच तें लॉग वाचतें, पुरे झालेले व्यवहार पुन्हां चढवितें व अपुरे रद्द करितें. या विद्येची ‘एरीज’ नांवाची सुव्यवस्थित पद्धति १९९२ सालीं आय. बी. एम. कंपनींतील सी. मोहन व त्यांचे सहकारी यांनीं प्रसिद्ध केली. मोहन हे मद्रासच्या आय. आय. टी.चे विद्यार्थी होत.

मग बिघाड होतो कसा? डिस्क ‘लिहिलें’ असें सांगते, पण मजकूर तात्पुरत्या स्मृतींतच असतो आणि वीज जाते. किंवा डिस्क अगर स्मृतीच सदोष असते. किंवा लिखाण चालू असतां कोणी फाईलीची सरळ नक्कल करितो, तेव्हां तींत अर्धा मजकूर जुना व अर्धा नवा येतो.

बिघाड ओळखण्यासाठीं पानावर ताळा लिहितात. ६२, ७१, ५८, ४९ या गुणांची बेरीज २४०. एक अंक बदलला तर बेरीज चुकेल. परंतु ७१ व ५८ यांची अदलाबदल झाली तर ती तशीच राहील. म्हणून पहिल्यास १ नें, दुसऱ्यास २ नें असें क्रमानें गुणून बेरीज करावी. मूळ क्रमानें ५७४ येते, अदलाबदलीनंतर ५८७. विद्यार्थ्यांनीं हें स्वतः करून पहावें. संगणकाचा ताळा याहून सूक्ष्म असतो, पण तत्त्व हेंच.

आतां उपचार. प्रथम, यंत्र वारंवार सुरू करून पाहूं नये; बिघाड वाढण्याचा संभव असतो. दुसरें, कोसळण्यापूर्वींच्या शेवटच्या सूचना वाचाव्या. पुष्कळदां डिस्क भरलेली असते, एवढेंच कारण निघतें. तिसरें, प्रोग्राम बंद ठेवून सर्व फाईलींची लॉगसकट नक्कल करावी. एसक्यूलाइटच्या फाईलीशेजारीं ‘वॉल’ नांवाची फाईल असूं शकते. ती निरुपयोगी समजून पुसल्यास पुरे झालेले व्यवहारहि नाहींसे होतात. चौथें, तपासणी व दुरुस्ती नकलेवरच करावी. इनोडीबींत सक्तीनें सुरू करण्याच्या १ ते ६ पायऱ्या आहेत. ४ व पुढील पायऱ्यांनीं माहिती कायमची बिघडूं शकते. पांचवें, चांगली राखीव प्रत असल्यास ती मांडून तीवर लॉग चढवावा; नसल्यास वाचतां येईल तेवढा मजकूर नव्या फाईलींत उतरून घ्यावा. शेवटीं मूळ कारण शोधावें, नाहींतर सदोष डिस्कवर नवी वहीहि बिघडेल.

राखीव प्रत आहे असें मानणें व ती आहे हें पाहणें, यांत मोठें अंतर आहे. ता. ३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब या कंपनींत चुकीनें चालू डेटाबेसच पुसला गेला. प्रती राखण्याच्या निरनिराळ्या योजना होत्या, परंतु त्यांतील बहुतेक प्रसंगीं निकामी ठरल्या. सुदैवानें सुमारें सहा तासांपूर्वींची एक प्रत मिळाली. मधल्या तासांतील नोंदी गेल्या त्या गेल्याच.

वाळूवर बांधलेल्या घराचा दृष्टांत आपण सर्व जाणतों. पाऊस व पूर दोन्ही घरांवर आले. पायाची परीक्षा त्याच वेळीं झाली. ज्या उताऱ्यावर शेतकऱ्याची जमीन आणि ज्या गुणपत्रकावर मुलाचें पुढील शिक्षण अवलंबून आहे, त्या वहीची परीक्षा पूर येण्यापूर्वींच व्हावी. आपल्या घरीं संगणकावर हिशेब असेल, तर त्याची राखीव प्रत या सुटींत एकदां उघडून पहावी, एवढीच आमची विद्यार्थ्यांस व पालकांस विनंति आहे.