सूक्ष्म निरीक्षण

शेरलॉक होम्स या चतुर गुप्तहेराच्या कथा लिहिणारे सर आर्थर कॉनन डॉयल यांना एकदा स्वतःच शोधकार्य करावे लागले.

शापुरजी एदलजी हे मुंबईच्या पारशी कुळातील गृहस्थ ख्रिस्ती होऊन इंग्लंडात धर्मोपदेशक झाले होते. त्यांचा पुत्र जॉर्ज हा वकील होता. १९०३ साली, रात्री शेतात जाऊन एका तट्टाला जखमी केल्याच्या आरोपावरून जॉर्जला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तीन वर्षांनी त्याची सुटका झाली. परंतु कलंक तसाच राहिला.

डॉयल यांनी नेत्रविद्येचाही अभ्यास केला होता. पहिल्या भेटीतच, जॉर्ज वर्तमानपत्र डोळ्यांजवळ तिरपे धरून वाचीत आहे, हे त्यांनी दुरून हेरले. इतक्या मंद दृष्टीचा मनुष्य काळोखात रेल्वेचे रूळ ओलांडून शेतात कसा जाईल? त्यांनी सारा पुरावा तपासला व १९०७ साली वर्तमानपत्रात लेख लिहिले. त्याच वर्षी सरकारने जॉर्जला माफी दिली. भरपाई मात्र दिली नाही. इंग्लंडात फौजदारी अपिलांचे न्यायालयही त्याच वर्षी स्थापण्याचे ठरले.

मुलांनो, डोळसपणाला न्यायबुद्धीची जोड मिळाली, म्हणूनच एका निरपराध माणसाची अब्रू वाचली.

स्वाध्याय : जॉर्जच्या वाचण्याच्या पद्धतीवरून डॉयल यांनी कोणते अनुमान काढले?