चाकाची खुर्ची उतरवायला जागा कुठे?

या वेळी आरोग्यपानावर गाडी लावायच्या जागेचा विषय घेतला आहे. हा आरोग्याचा विषय कसा, ते आधी पाहू.

दातिवऱ्याहून कमरेखाली लुळेपणा आलेल्या माणसाला पालघरला तपासणीला न्यायचे, तर आधी सफाळे गाठायचे, मग केळवे रोड मागे टाकून पालघर. खुर्ची घेऊन एसटीत किंवा लोकलमध्ये चढणे अवघड, म्हणून घरचे रिक्षा नाहीतर गाडी ठरवतात. भाडे जाते, सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो. एवढे करून फाटकाशी पोहोचावे, तर दारासमोर मोटारसायकलींची रांग. गाडी लांब रस्त्यावर उभी करून दोघे जण माणसाला उचलून आत नेतात. दोन-तीनदा असे झाले की तोच म्हणतो, "राहू द्या, पुढच्या महिन्यात बघू." अशी चुकलेली तपासणी पुढे मोठी जखम होऊन परत येते, हे आम्ही नर्सिंगच्या नोकरीत पाहिले आहे.

शरीरावर काय परिणाम होतो?

मणक्याला मार लागलेल्या माणसाला बसल्या जागी दुखत नाही. संवेदनाच नसते. जागा शोधत गाडीत तासभर एकाच बाजूवर बसले की माकडहाड आणि बैठकीच्या हाडांवरची कातडी रक्ताविना मरू लागते. म्हणून वाट पाहतानाही दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे वाकवून, बाजूला झुकवून एक-दोन मिनिटे भार हलका करा. घरी आल्यावर कातडी पाहा. लाल किंवा काळपट डाग अर्ध्या तासात गेला नाही, तर त्या जागेवर बसवू नका आणि दवाखान्यात दाखवा.

बाहेर शौचालय मिळणार नाही म्हणून अनेक जण निघण्याआधी पाणी पीत नाहीत. त्यातून लघवीचा संसर्ग होतो. पाणी तोडू नका.

काखेत हात घालून ओढू नका, खांदा निखळतो. खुर्ची सीटजवळ लावा, दोन्ही ब्रेक लावा, पायाच्या पट्ट्या बाजूला करा, मग सरकवा. यासाठी गाडीचे दार पूर्ण उघडावे लागते आणि शेजारी खुर्ची मावावी लागते.

जागा केवढी हवी?

साध्या गाडीला अडीच मीटर रुंदी पुरते. दिव्यांगांच्या पार्किंगला ३.६ मीटर रुंदी आणि ५ मीटर लांबी हवी. जागा मुख्य दारापासून ३० मीटरच्या आत, सपाट आणि टणक हवी. आपल्या किनाऱ्यावरच्या रेतीत खुर्चीची पुढची लहान चाके रुततात, म्हणून तिथून दारापर्यंत पक्की वाट हवी. उताराचे माप १ ला १२. पायरी एक फूट उंच असेल, तर उतार बारा फूट लांब. त्याहून उभा केला तर खुर्ची उलटते.

कायदा काय सांगतो?

बाबासाहेबांच्या संविधानात कलम ४१ मध्ये आजारपण आणि विकलांगता यांत सरकारी साहाय्याची तरतूद आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने पुढचे पाऊल टाकले. त्याच्या कलम ४१ मध्ये बसथांबे आणि रेल्वे स्थानकांवर पार्किंगची सोय सांगितली आहे. कलम ४५ प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम २०१७ मध्ये आले, मुदत २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रातुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की सुगमतेचे मापदंड नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत.

आपण काय करायचे?

रुग्णालय, पंचायत समिती, बँक, जिथे जागा नाही तिथल्या प्रमुखाला लेखी अर्ज द्या. त्यात चारच गोष्टी लिहा: कोणत्या दारापाशी जागा हवी, वर दिलेली माप, खुर्चीचे निळे चिन्ह, आणि तिथे दुसरी गाडी लागू नये यासाठी माणूस. पोच घ्या. उत्तर आले नाही तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, त्यांना चौकशीचा अधिकार आहे.

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत हिशेब विचारा आणि उतार, पक्की वाट मागा. दिव्यांग प्रमाणपत्र व ओळखपत्र काढले नसेल तर आधी ते काढा.

विहारापासूनही सुरुवात करता येईल. १४ एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला दारात गाड्यांची दाटी होते आणि खुर्चीवरचे माणूस घरीच राहते. दारालगतची एक जागा चुन्याने आखा, तिथे मोटारसायकल लावू देऊ नका, आणि उतारावर चपलांचा ढीग पडू देऊ नका. चुन्याला फार पैसे लागत नाहीत. आखल्यावर वस्तीतल्या खुर्चीवरच्या माणसाला बोलावून विचारा, उतरता येते का. तो नाही म्हणाला तर पुन्हा आखा.