पडद्यावरील अर्ज

शाळेच्या कचेरींत खिडकीशीं उभें राहून ज्यांनीं कागदी अर्ज दिला आहे, त्यांना तेथील कारकुनाचें काम ठाऊक आहे. तो अर्जावरून नजर फिरवितो, "येथें सही राहिली, जन्मतारीख दाखल्याप्रमाणें लिहा" असें सांगतो व कागद परत हातीं देतो. कागद परत आला तरी त्यावर लिहिलेलें सारें तसेंच असतें, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. शिष्यवृत्तीचा किंवा प्रवेशाचा अर्ज आतां पुष्कळदां मोबाइलच्या पडद्यावर भरावा लागतो. आणि तेथें एका रकान्यांतील चुकीपायीं बाकीचे वीस रकाने कोरे होऊन परत आलेले पाहून कपाळाला हात लावणारे पालक आम्हीं पाहिले आहेत. मुदतीचा शेवटचा दिवस असला म्हणजे या कोऱ्या रकान्यांपायीं मुलाचें एक वर्ष जाऊं शकतें. असें कां घडतें आणि तें टाळण्यासाठीं अर्ज रचणारानें काय केलें पाहिजे, हें या पाठांत आम्ही सांगणार आहों.

पडद्यावरील अर्जाला कारकून दोन. एक आपल्याच हातांतील यंत्रांत, ब्राउझरमध्यें बसलेला. दुसरा दूरच्या सर्व्हरवर. नोव्हेंबर १९९५ मध्यें एचटीएमएलची दुसरी आवृत्ति प्रसिद्ध झाली. तींत अर्ज, त्याचे रकाने व तो पाठविण्याचें बटण यांची रीत नेमून दिलेली होती. तपासणी मात्र सारी दूरच्या कारकुनाकडे. बटण दाबावें, सर्व मजकूर तारेवरून जावा, आणि उत्तरादाखल नवें पान यावें. त्याच वर्षीं नेटस्केप कंपनींत ब्रेंडन आइक यांनीं जावास्क्रिप्ट ही भाषा रचली, आणि जवळच्या कारकुनालाही अर्ज वाचतां येऊं लागला.

त्याचें काम असें चालतें. बटण दाबतांच अर्ज पाठवून नवें पान मागवावें, ही ब्राउझरची स्वाभाविक प्रवृत्ति. 'प्रिव्हेंट डिफॉल्ट' ही आज्ञा देऊन प्रोग्रॅम त्याला थोपवितो, रकान्यांतील मजकूर स्वतः वाचून तपासतो, आणि पान न बदलतां पडद्याआडून सर्व्हरकडे धाडतो. पान बदलत नाहीं, म्हणून लिहिलेलें पुसलेंही जात नाहीं. मजकूर रकान्यांतच राहूं देऊन शेवटीं एकदां वाचावा, किंवा प्रत्येक अक्षर उमटतांच तें प्रोग्रॅमनें आपल्या स्मरणांत टिपून घ्यावें, अशा दोन रीति आहेत. दुसरी रीत २०१३ मध्यें खुल्या झालेल्या 'रिअॅक्ट'मुळें फार रूढ झाली. तालुका निवडतांच त्यांतील गांवांची यादी बदलावयाची असेल, तर ती सोयीची खरी; तीन रकान्यांच्या अर्जास पहिली पुरे, असें आमचें मत आहे.

चूक केव्हां दाखवावी, हा प्रश्न आम्हांस याहून महत्त्वाचा वाटतो. ईमेलच्या पत्त्याचें पहिलें अक्षर लिहितांच "पत्ता चुकीचा" असें तांबड्या शाईंत ओरडणें म्हणजे मुलानें पाटीवर रेघ ओढतांच छडी उगारणें होय. लिहिणारा तो रकाना सोडून पुढें गेला म्हणजे चूक दाखवावी. तो परत येऊन दुरुस्ती करूं लागला कीं, दुरुस्त होतांच सूचना काढून घ्यावी. सूचना त्या रकान्याजवळच हवी, आणि "चुकीची माहिती" एवढेंच न म्हणतां "पिनकोड सहा अंकी असावा" असें तिनें सांगावें. केवळ तांबडा रंग पुरेसा नाहीं. ज्याला रंग ओळखतां येत नाहीं, किंवा जो पडदा कानांनीं ऐकतो, त्याला शब्द पाहिजेत.

आपल्या भाषेची अडचण आणखी निराळी. नांवाच्या रकान्यांत केवळ इंग्रजी अक्षरें चालतील असा नियम केला, तर मराठींत लिहिलेलें खरें नांव चूक ठरतें. 'ज्ञानेश्वर' हें नांव डोळ्यांना चार अक्षरांचें. जावास्क्रिप्टच्या मोजणींत तें दहा भरतें, कारण युनिकोडमध्यें व्यंजन, हलन्ताचें चिन्ह, काना व मात्रा हीं सारीं वेगवेगळीं मोजलीं जातात. अंकांचेंही तेंच. अंक ओळखण्याचें जावास्क्रिप्टमधील नेहमींचें चिन्ह केवळ इंग्रजी अंक जाणतें. देवनागरींत लिहिलेला ४११००१ हा पिनकोड त्याला अंकच वाटत नाहीं. प्रोग्रॅमनें ते सहा अंक मुकाट्यानें बदलून घ्यावे. आजोबांना दोष देऊं नये. आडनांव न लावणारे लोकही आहेत, तेव्हां आडनांवाचा रकाना सक्तीचा करण्यापूर्वीं विचार करावा.

बटण दाबल्यावर तार मंद असली तर माणूस तें पुनः दाबतो, आणि एका अर्जाचे दोन होतात. म्हणून उत्तर येईपर्यंत बटण बंद ठेवून "पाठवीत आहोंत" असें लिहावें. शिवाय प्रत्येक अर्जास एक क्रमांक द्यावा, म्हणजे तोच अर्ज दुसऱ्यांदा आला तरी सर्व्हर तो ओळखील. अर्धा भरलेला अर्ज यंत्रांतच जपून ठेवतां येतो; परंतु दुकानांतील सामाईक संगणकावर तसें केल्यास पुढच्या माणसाला आपली माहिती दिसेल.

इतकें करूनही दूरच्या कारकुनाची तपासणी सुटत नाहीं. ब्राउझर अर्जदाराच्या हातांत असतो. त्यांतील जावास्क्रिप्ट बंद करतां येतें, नियमही बदलतां येतात. उत्पन्नाच्या रकान्यांत उणे आंकडा टाकून तो परस्पर धाडणें मुळींच कठीण नाहीं. तेव्हां प्रत्येक नियम सर्व्हरवर पुनः लावला पाहिजे, आणि तेथें सांपडलेली चूकही त्याच रकान्याशेजारीं आणून दाखविली पाहिजे.

विद्यार्थ्यांनीं नांव, पिनकोड व जन्मतारीख अशा तीन रकान्यांचा अर्ज स्वतः रचून पाहावा. तो प्रथम घरांतील वडील माणसास भरावयास द्यावा, मध्यें कांहीं सांगूं नये, आणि तीं कोणत्या रकान्याशीं थांबतात तें वहींत लिहून ठेवावें.