स्पीकर चार ओहमचे, अ‍ॅम्प्लिफायर किती वॉटचा?

प्रश्न : मुलाने पुण्याहून उत्तम प्रतीच्या स्पीकरची वापरलेली जोडी आणली आहे. उंची कमरेएवढी. मागच्या पट्टीवर ‘87 डेसिबल, 4 ओहम, अ‍ॅम्प्लिफायर 50 ते 200 वॉट’ असे लिहिले आहे. खोली 12 बाय 15 फुटांची. मी शास्त्रीय गायन आणि अभंग ऐकतो. दुकानदार म्हणतो, हजार वॉटचा घ्या. यात्रेत साउंड लावणारा ओळखीचा मुलगा म्हणतो, माझे जुने मशीन न्या. माझ्या मुलाचे म्हणणे, घ्यायचा तर व्हॉल्व्हचाच घ्या. कोणाचे ऐकू?
– एक वाचक, सोनारी (ता. परंडा, जि. धाराशिव)

उत्तर : आधी स्पीकरचे ऐका. त्याच्या मागच्या पट्टीवर तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर लिहिलेले आहे.

87 डेसिबल म्हणजे स्पीकरला 2.83 व्होल्ट दिले तर एक मीटरवर येणारा आवाज. आठ ओहमच्या स्पीकरमध्ये एवढ्या व्होल्टला एक वॉट खर्च होतो. तुमच्या चार ओहमच्या स्पीकरमध्ये दोन होतात. म्हणजे एका वॉटला तुमचा स्पीकर 84 डेसिबल देतो. तुम्ही दहा फुटांवर बसलात, दोन्ही स्पीकर वाजत असले आणि भिंतींची थोडी साथ मिळाली, की कानापाशी साधारण 80 डेसिबल पोहोचतात. बंद खोलीत एवढा आवाज चांगला मोठा वाटतो. निवांत ऐकताना सरासरी 75 च्या आसपास पुरते, आणि त्यासाठी प्रत्येक स्पीकरला वॉटचा तिसरा हिस्साच लागतो.

मग पट्टीवर 50 ते 200 वॉट कशाला? तबल्यावरची कडक थाप किंवा तार सप्तकात लागलेला सूर सरासरीच्या वर 15-20 डेसिबल उसळतो. दर 10 डेसिबलला शक्ती दहापट लागते. 20 डेसिबलला शंभरपट. तुमच्या तृतीयांश वॉटचे त्या क्षणापुरते 30-35 वॉट होतात. जरा मोठ्याने ऐकलेत तर 100. तुमची गरज इथे संपते. दुकानदाराच्या हजार वॉटने काय होईल? शंभराचे हजार केले तरी कानाला आवाज जेमतेम दुप्पट वाटतो, आणि तुमच्या खोलीत तेवढ्या आवाजात कोणी बसणार नाही. शिवाय ते हजार वॉट ‘पीएमपीओ’चे, म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीचे, असतील तर तो आकडा विसरा. ‘आरएमएस’ वॉट, म्हणजे सलग मिळणारे, किती, तेवढेच विचारा. यंत्राच्या पाठीवर ते विजेचे किती वॉट खाते हेही छापलेले असते. जे यंत्र 150 वॉट खाते, ते सलग 150 वॉटही बाहेर देऊ शकत नाही.

प्रश्न : चार ओहमचे एवढे महत्त्व काय?

उत्तर : अ‍ॅम्प्लिफायर निवडताना मी वॉटपेक्षा याकडे जास्त लक्ष देतो. बोअरचे उदाहरण घ्या. अरुंद पाइपला बोअर दाबाने पाणी देतो. तोच पाइप रुंद केला की पाणी जास्त ओढले जाते आणि बोअरला आवक नसेल तर दाब पडतो. ओहम कमी म्हणजे पाइप रुंद. 20 व्होल्टला आठ ओहमचा स्पीकर अडीच अँपिअर ओढतो, चार ओहमचा पाच. शिवाय पट्टीवरचा आकडा हा ढोबळ असतो. सूर बदलतो तसा ओहमही बदलतो. चारचा स्पीकर एखाद्या पट्ट्यात तीनवर येतो आणि तिथे पावणेसात अँपिअर मागतो.

म्हणून अ‍ॅम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात दोन आकडे शोधा : आठ ओहमला किती वॉट आणि चारला किती. आठला 60 आणि चारला 100 ते 120 असतील, तर त्याच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दम आहे. आठला 100 आणि चारला 110, किंवा चारचा उल्लेखच नसेल, तर तो तुमच्यासाठी नाही. दमछाक झालेला अ‍ॅम्प्लिफायर लहरीचे माथे कापतो. त्यातून कर्कश ऊर्जा तयार होते आणि बारीक सुरांचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, जळतो. अशक्त यंत्र शेवटपर्यंत पिळल्याने स्पीकर गेले, असे पुष्कळदा घडते.

प्रश्न : यात्रेतले मशीन का चालणार नाही?

उत्तर : तुमच्या गावच्या भैरवनाथाच्या यात्रेत लांबच लांब तारेवर एका मशीनवर अनेक भोंगे जोडायचे असतात. त्यासाठी ते ‘100 व्होल्ट लाइन’ पद्धतीने काम करते आणि प्रत्येक भोंग्याला स्वतःचा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. घरचा स्पीकर चुकूनही त्या टर्मिनलला जोडू नका, एका झटक्यात जाईल. काही मशीनवर चार आणि आठ ओहमची टर्मिनल असतात, तिथे स्पीकर वाजेल. पण मैदानात न जाणवणारी गुणगुण आणि पंख्याची घरघर दहा फुटांवर, आलापीच्या शांततेत, ठळक ऐकू येते. ते मशीन त्याच्या जागी उत्तम आहे. त्याचे काम वेगळे आहे.

प्रश्न : आणि व्हॉल्व्ह?

उत्तर : मुलाचा आग्रह निराधार नाही. इंग्लंडच्या पीटर वॉकर यांचा क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर 1957 साली आला. तो 15 वॉटच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरवर वाजत असे आणि त्यातल्या मानवी आवाजाची आजही तारीफ होते. बीबीसीने 1970 च्या दशकात एलएस 3/5ए हा लहानसा स्पीकर तयार केला. त्याची संवेदनशीलता फक्त 82-83 डेसिबल, तरीही व्हॉल्व्हशी त्याचे छान जमते, कारण मूळ स्पीकर 15 ओहमचा आहे आणि फारसा प्रवाह मागत नाही. आपल्या पुण्यात केडन्स कंपनीने इलेक्ट्रोस्टॅटिक पडदा आणि नेहमीचा वूफर एकत्र असलेले स्पीकर बनवले आणि व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरही बनवले. स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकमेकांसाठी घडवले की जोडी जमते.

तुमच्या स्पीकरचे तसे नाही. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरची वूफरवरची पकड सैल असते आणि स्पीकरचा ओहम जिथे चढतो-उतरतो तिथे आवाजही थोडा चढतो-उतरतो. परवडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये तुम्हाला 30-40 वॉट मिळतील. तेवढे हळू आवाजाला पुरतील, पण पखवाजासारखे खालच्या पट्टीचे वाद्य विस्कळीत होईल. घेतलाच तर चार ओहमचे वेगळे टर्मिनल असलेलाच घ्या.

प्रश्न : आमच्याकडे संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडते. त्याने काही बिघडते का?

उत्तर : बिघडते, आणि शहरी दुकानात हे कोणी सांगत नाही. जुन्या पद्धतीच्या ट्रान्सफॉर्मरच्या, म्हणजे बहुधा ‘क्लास एबी’च्या, अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आतले व्होल्टेज बाहेरच्याबरोबर पडते. 230 चे 180 झाले की कमाल शक्ती 60 टक्क्यांवर येते. 100 वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर 60 चा होतो. यावर दोन उपाय आहेत. एक, पुरेशा क्षमतेचा सर्व्हो स्टॅबिलायझर. दुसरा, ‘क्लास डी’चा अ‍ॅम्प्लिफायर, ज्याचा वीजपुरवठा 100 ते 240 व्होल्टवर चालतो. तो फारसा तापत नाही, हे मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मोलाचे आहे. ‘क्लास ए’ रिकामा असतानाही तापतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, तेव्हा दिवे गेल्यावर ऐकणे टाळा. अर्थिंग तपासून घ्या आणि वळीव गडगडू लागला की प्लग काढा.

वायरवर पैसे घालवू नका. प्लगपॉइंटला वापरतात ती 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाच मीटरपर्यंत जाऊन-येऊन ओहमच्या तेराव्या भागाइतकाच अडथळा करते. चार ओहमपुढे तो नगण्य आहे. वाचलेल्या पैशांत जाड सतरंजी आणा. घर माळवदाचे असेल तर लाकडी तुळया आवाजाची मदतच करतात. स्लॅब आणि गुळगुळीत फरशी असेल तर सतरंजीने जो फरक पडेल तो महागड्या वायरने पडणार नाही.

तर माझा निर्णय असा : आठ ओहमला 60 ते 80 वॉट आरएमएस, चारला त्याच्या दीडपट ते दुप्पट, क्लास डी किंवा स्टॅबिलायझरसह क्लास एबी. पैसे देण्यापूर्वी तो एक संध्याकाळ घरी आणून तुमच्याच स्पीकरवर लावा, किंवा स्पीकर गाडीत घालून बार्शी-सोलापूरला दुकानात न्या. वर्षानुवर्षे ऐकलेली एखादी मैफल लावा आणि आवाज बेताचा ठेवून तासभर बसा. तास संपल्यावर कान थकले नसतील आणि आणखी ऐकावेसे वाटत असेल, तर तोच तुमचा अ‍ॅम्प्लिफायर.